डीसीसीवर सांधे चालवताना: डिकोडरचे वायरिंग, पहिल्या तारेपासून शेवटच्या चाचणीपर्यंत

डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीवर चालणाऱ्या मॉडेल रेल्वेत इंजिन विरुद्ध बाजूला लागलेल्या सांध्यात, म्हणजे रुळाच्या दोन वाटा फुटतात त्या जागी, शिरते. चाके फ्रॉगवर (दोन वाटांचे आतले रूळ छेदतात त्या बिंदूवर) पोचताच शॉर्ट होतो, रुळांना वीज पुरवणारा बूस्टर ती तोडतो आणि सगळा लेआउट जागच्या जागी थांबतो. सांधा बदलला की शॉर्ट सुटेल, हे दिसत असते. पण सांध्याचा डिकोडर, म्हणजे कंट्रोलरचा संदेश ओळखून सांधा हलवणारे सर्किट, हाही त्याच रुळांवरून वीज घेतो आणि रुळांत आता वीजच नाही. शेवटी हात घालून इंजिन मागे ढकलावे लागते. नवख्यांच्या वायरिंगमध्ये ही चूक सर्रास आढळते, आणि ती टाळायची तर पहिली तार ओढण्याआधीच विचार करावा लागतो. म्हणून डिकोडर कसा जोडायचा याइतकाच भर इथे त्याला वीज कुठून द्यायची यावर दिला आहे.

आधी मोटर बघा, मग डिकोडर घ्या

सांधा हलवणारी यंत्रणा कोणती आहे, यावर डिकोडर ठरतो. उलट क्रमाने खरेदी केली की पैसे वाया जातात.

दुहेरी कॉइल: पेकोच्या पीएल-१० सारख्या मोटरमध्ये दोन कॉइल असतात. एक सांधा इकडे ओढते, दुसरी तिकडे. तारा तीन: एक सामाईक आणि प्रत्येक कॉइलची एकेक. हिला क्षणभराचा पण जोरदार झटका लागतो, काही अँपिअरचा. झटका ०.१ ते ०.२५ सेकंदाचा पुरतो. वीज त्यापुढे चालू राहिली तर कॉइल काही सेकंदांतच तापून जळते.

अडून राहणारी मोटर: सर्किट्रॉनची टॉर्टॉइज हे हिचे सर्वांत परिचित उदाहरण. ही हळू फिरते, शेवटाला पोचली की वीज चालू असतानाच तिथे दाबून उभी राहते. १२ व्होल्टला फिरताना साधारण ४ मिलिअँपिअर आणि अडल्यावर १६ मिलिअँपिअर, म्हणजे अगदीच कमी वीज. दिशा बदलायची तर दोन तारांची ध्रुवता उलटायची, बस. नवख्या माणसाने पहिला लेआउट हिच्यावरच करावा असे आमचे स्पष्ट मत आहे. चूक झाली तरी काही जळत नाही, आणि फ्रॉगसाठी लागणारे स्विच तिच्यातच असतात.

सर्व्हो: तीन तारांची, ५ व्होल्टवर चालणारी छोटी मोटर. स्वस्त आणि हलकी, पण तिच्यासाठी खास सर्व्हो डिकोडरच लागतो.

याशिवाय काटो युनिट्रॅकच्या सांध्यांत एकच कॉइल आणि दोनच तारा असतात. तिथे झटका हवा आणि ध्रुवताही उलटायला हवी. साधा दुहेरी कॉइलचा डिकोडर इथे चालत नाही. डिकोडरच्या माहितीपत्रकात दोन तारांच्या कॉइलचा स्पष्ट उल्लेख शोधा.

बरेच चार आउटपुटचे डिकोडर झटका किंवा सतत वीज अशा दोन्ही रीतींवर लावता येतात, पण काहींत ही निवड चारही आउटपुटला एकदमच लागू होते. अशा डिकोडरवर तीन टॉर्टॉइज आणि एक कॉइल अशी मिसळ करू नका. आणि कॉइल जोडण्याआधी डिकोडर झटक्याच्या रीतीवर आहे याची खात्री करा. ही तपासणी मागाहून करून उपयोग नसतो.

डिकोडरला नेमके काय मिळते

डीसीसीत रुळांवरून वीज आणि संदेश एकाच जोडीतून जातात. व्होल्टेज सतत उलटसुलट होत असते आणि प्रत्येक अवस्था किती वेळ टिकली यावरून डिकोडर संदेश वाचतो. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या मानकाप्रमाणे संदेशातल्या ‘एक’चा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा, ‘शून्य’चा १०० किंवा त्याहून जास्त. कोणती तार ‘धन’ आणि कोणती ‘ऋण’ हा प्रश्न त्यामुळे डिकोडरच्या दोन इनपुट तारांना लागू होत नाही. रंग मात्र सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर दोष शोधताना स्वतःचेच वायरिंग वाचता येत नाही.

सांध्यांचे पत्ते इंजिनांच्या पत्त्यांपासून वेगळे असतात. इंजिन क्रमांक ३ आणि सांधा क्रमांक ३ एकमेकांत अडकत नाहीत. मूळ रचनेत ५११ डिकोडर आणि प्रत्येकी ४ आउटपुट, म्हणजे २०४४ सांधे बसतात. पहिल्या डिकोडरवर १ ते ४, दुसऱ्यावर ५ ते ८, असे क्रमाने चालते. काही कंट्रोलरमध्ये मात्र हे क्रमांक ४ ने सरकलेले असतात. तुम्ही १ दाबता आणि ५ क्रमांकाचा सांधा हलतो. असे दिसले तर वायरिंग उसकटू नका, कंट्रोलरची सेटिंग बघा.

दोन बस: हा भाग घाईने करू नका

लेआउटखाली तारांच्या दोन स्वतंत्र जोड्या, म्हणजेच दोन बस, ओढा. एक रुळांसाठी, दुसरी डिकोडरांसाठी. दोन्ही एकाच बूस्टरवरून निघाल्या तरी चालतील, पण त्यांच्या वाटा अशा असाव्यात:

बूस्टर → इलेक्ट्रॉनिक सर्किट ब्रेकर → रुळांची बस
बूस्टर → छोटा फ्यूज → डिकोडरांची बस

यातली गोम ब्रेकरच्या आकड्यात आहे. तो बूस्टरपेक्षा आधी तुटला पाहिजे. बूस्टर ५ अँपिअरचा असेल तर ब्रेकर ४ अँपिअरच्या थोडा खाली लावा. मग रुळावर शॉर्ट झाला की फक्त रूळ बंद पडतात. बूस्टर चालू राहतो, डिकोडरांना वीज आणि संदेश दोन्ही मिळत राहतात आणि तुम्ही कंट्रोलरवरूनच सांधा बदलू शकता. ब्रेकर न लावता नुसत्या दोन जोड्या ओढल्या तर काहीही साधत नाही, कारण शॉर्ट झाल्यावर बूस्टरच बंद पडतो. डिकोडरला वेगळा अ‍ॅडॉप्टर देऊनही हे काम भागत नाही: मोटरला वीज असते, पण हलण्याचा संदेश पोचत नाही. मोठ्या लेआउटवर डिकोडरांसाठी दुसरा छोटा बूस्टर ठेवतात. तो मार्ग सर्वांत निर्धोक.

विजेचा हिशेब आधी मांडा. २० टॉर्टॉइज × १६ मिलिअँपिअर = ३२० मिलिअँपिअर. एवढे बूस्टर सहज देतो. कॉइलच्या डिकोडरांचे तसे नाही. त्यांच्यातले मोठे कपॅसिटर वीज चालू करताच एकदम भरायला लागतात, आणि असे आठ-दहा डिकोडर असले की बूस्टरला तो शॉर्टच वाटतो. तो बंद पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा पडतो. अशा डिकोडरांना त्यांच्या वेगळ्या पॉवर इनपुटवर स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर द्या आणि बसमधून फक्त संदेश घ्या.

अ‍ॅडॉप्टरचे आउटपुट डीसीसी बसला कधीही जोडू नका, चुकूनसुद्धा नाही. त्याची ऋण तार डीसीसीच्या कोणत्याही तारेशी ‘सामाईक’ म्हणून बांधणेही टाळा, माहितीपत्रकात तसे सांगितले नसेल तर. आणि लेआउटखाली मुख्य विजेची उघडी जोडणी नको. तयार, बंद अ‍ॅडॉप्टरच वापरा.

सामान: ३ मीटर लेआउट, ८ सांधे

चार आउटपुटचे २ डिकोडर आणि ८ मोटर. रुळांच्या बससाठी २.५ चौरस मिमीची तार, दोन रंगांत प्रत्येकी ४ मीटर. डिकोडर बससाठी १ चौरस मिमी, आणखी दोन वेगळ्या रंगांत प्रत्येकी ४ मीटर. मोटरसाठी ०.२५ चौरस मिमी, एकूण २५ मीटर; कॉइल असतील तर हीच तार ०.७५ ची घ्या, कारण बारीक तारेत झटका अर्ध्यावरच विरतो. फ्रॉगसाठी ०.५ चौरस मिमी, ८ ते १० मीटर. १२ खान्यांच्या ३ टर्मिनल पट्ट्या, १ सर्किट ब्रेकर, २ अँपिअरचा फ्यूज, हीटश्रिंक नळी, लेबले, मल्टिमीटर. सोल्डर रोझिनचेच घ्या. आम्लाचे फ्लक्स काही महिन्यांत तार कुरतडते.

तारेला टोचून बसणारे कनेक्टर वापरायचे असतील तर ते तुमच्या दोन्ही तारांच्या जाडीचेच आहेत का ते पाहा. मोठ्या कनेक्टरमध्ये बारीक तार बसल्यासारखी दिसते, पण धरलेली नसते. अशी जोडणी आठवडाभर चालते आणि मग अधूनमधून दगा देते. असला दोष शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

टॉर्टॉइज आणि डिकोडर: जोडणीचा क्रम

१. वीज पूर्ण बंद करा. डिकोडर लेआउटच्या पुढच्या कडेजवळ, हात पोचेल आणि दिवा दिसेल अशा जागी स्क्रूने बसवा. पत्ता देताना त्याचे बटण दाबावे लागणार आहे.

२. मोटर बसवण्याआधी सांधा बोटाने हलवून पाहा. पेकोच्या सांध्यात मधोमध एक स्प्रिंग असते, ती दोन्ही टोकांना खट् करून बसते. टॉर्टॉइज किंवा सर्व्होसाठी ती काढून टाका. कॉइलसाठी मात्र राहू द्या, कारण झटका संपल्यावर सांध्याचे रूळ तीच धरून ठेवते.

३. मोटर मधल्या स्थितीत ठेवून, सांध्याचे सरकते रूळही मध्यावर धरून, सांध्याच्या आडव्या दांडीखाली ती पक्की करा.

४. मोटरच्या १ आणि ८ क्रमांकाच्या पिनांपासून दोन तारा डिकोडरच्या एका आउटपुटला न्या. पिनांवर सोल्डर करताना दोन पिनांमध्ये थेंब साचत नाही ना, हे भिंगातून पाहा.

५. दिशा दाखवणारे दिवे हवे असतील तर याच दोन तारांपैकी एकीत दोन एलईडी एकमेकांना उलटे, समांतर जोडा. वेगळा रेझिस्टर लागत नाही. मोटर स्वतःच प्रवाह आवरते. एलईडी सुमारे २ व्होल्ट खातो म्हणून मोटर किंचित हळू फिरेल, इतकेच.

६. डिकोडरच्या इनपुट तारा डिकोडर बसला जोडा. रुळांच्या बसला नव्हे. इथे एकदा रंग पुन्हा तपासा.

७. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना लेबल लावा: सांधा क्रमांक, पिन क्रमांक. हे काम नंतर करू म्हणून सोडलेले कधीच होत नाही.

कॉइल असेल तर चौथ्या पायरीत सामाईक तार डिकोडरच्या ‘सी’ खुणेच्या टर्मिनलला आणि उरलेल्या दोन शेजारच्या टर्मिनलांना. पीएल-१० ला चार टोके असतात; प्रत्येक कॉइलचे एकेक टोक एकत्र जोडले की सामाईक तार तयार होते. एका क्रमांकावर क्रॉसओव्हरच्या (दोन समांतर वाटा जोडणाऱ्या सांध्यांच्या जोडीच्या) दोन्ही कॉइल बांधल्या तर झटका दोघींत वाटला जातो आणि बहुधा एक सांधा अर्ध्यावर राहतो. त्यांना दोन आउटपुट द्या आणि कंट्रोलरमध्ये एकामागून एक हलतील असा मार्ग बनवा.

सर्व्होत तपकिरी तार ऋण, लाल ५ व्होल्ट, नारिंगी संदेशाची. दर सेकंदाला सुमारे ५० स्पंद जातात आणि स्पंद १ ते २ मिलिसेकंदांत जितका लांब तितका दांडा फिरतो. दांडा बसवण्याआधी सर्व्हो डिकोडरवरून १.५ मिलिसेकंदावर, म्हणजे मध्यावर आणा. मग ०.८ मिमीची पियानो तार घालून टोके हळूहळू वाढवत न्या. शेवटाला सर्व्हो गुणगुणत राहिला तर टोक जास्त झाले आहे, थोडे मागे घ्या. डिकोडरपासून सर्व्होपर्यंत लांब तार टाळा. सर्व्होची तार रुळांच्या बसला समांतर नेली तर तो आपोआप थरथरतो.

पत्ता देणे

बहुतेक डिकोडरांत रीत सारखी आहे. बटण दाबून धरा, दिवा लुकलुकू लागला की सोडा, आणि कंट्रोलरवरून हव्या त्या क्रमांकाच्या सांध्याला आज्ञा द्या. त्या वेळी आलेली पहिली आज्ञा डिकोडर स्वतःचा पत्ता म्हणून धरतो. म्हणून त्या क्षणी दुसरे कोणी सांधे हलवत नसावे, संगणकावरचे सॉफ्टवेअरही बंद असावे. दोन डिकोडर एकदम या अवस्थेत गेले तर दोघेही तोच पत्ता घेतात आणि दोन ठिकाणचे सांधे जोडीने हलू लागतात. ज्या डिकोडरांत सीव्हीतून (सेटिंग साठवणाऱ्या क्रमांकित खान्यांतून) पत्ता लिहितात, तिथे तो सीव्ही १ आणि सीव्ही ९ मध्ये विभागलेला असतो.

सांधा उलट हलत असेल, म्हणजे ‘सरळ’ म्हटल्यावर वळणाला लागत असेल, तर मोटरच्या १ आणि ८ च्या तारांची अदलाबदल करा. फ्रॉगच्या तारांना हात लावू नका. टॉर्टॉइजमधले स्विच मोटरच्या दांड्याबरोबर फिरतात, आज्ञेबरोबर नाही, त्यामुळे फ्रॉगचे नाते बिघडत नाही. सर्व्हो डिकोडरवरील रिले (विजेने पलटणारा स्विच) मात्र अनेकदा आज्ञेबरोबर फिरते. तिथे दिशा उलटवली की फ्रॉगही पुन्हा तपासावा लागतो.

फ्रॉगची वीज

दोन वाटांचे आतले रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू म्हणजे फ्रॉग. सरळ वाटेसाठी त्याला एका रुळाची वीज हवी, वळणासाठी दुसऱ्या. प्लॅस्टिकचा फ्रॉग असेल तर ही कटकट नाही, पण लहान इंजिने तिथे अडखळतात. धातूचा फ्रॉग चांगला, फक्त त्याला मोटरबरोबर वीज बदलून द्यावी लागते.

टॉर्टॉइजमध्ये दोन स्वतंत्र स्विच आहेत. पहिल्याची मधली पिन ४, आणि २ व ३ तिची दोन टोके. फ्रॉगची तार ४ ला जोडा, २ आणि ३ रुळांच्या बसच्या दोन तारांना. डिकोडर बसला नाही! फ्रॉग हा रुळाचाच भाग आहे आणि त्याचा शॉर्ट ब्रेकरमागेच राहिला पाहिजे. ही तार चुकून डिकोडर बसला गेली तर दोन बस वेगळ्या ठेवण्याची सगळी मेहनत फुकट जाते. दुसरा स्विच (५ मधली, ६ आणि ७ टोके) सिग्नलसाठी मोकळा राहतो.

धातूच्या फ्रॉगपुढे निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांत प्लॅस्टिकचे इन्सुलेटेड जोड घाला. पेकोच्या इलेक्ट्रोफ्रॉग सांध्यात सरकत्या रुळांना फ्रॉगची वीज मिळत असते. टॉर्टॉइजचा स्विच मधेच कुठेतरी पलटतो, तेव्हा सरकता रूळ अजून जुन्या बाजूला टेकलेला असू शकतो, आणि क्षणभर शॉर्ट होतो. इलाज सांध्याच्या खालच्या बाजूला आहे: फ्रॉगकडे जाणाऱ्या दोन लहान तारा कापा आणि सरकते रूळ त्यांच्या शेजारच्या पक्क्या रुळांना तारेने जोडा. सांधा बसवण्याआधी हे दहा मिनिटांचे काम आहे. बसवल्यानंतर मात्र गिट्टी उकरून सांधा उचटावा लागतो.

चाचणी आणि बिघाड

आधी वीज बंद ठेवून मल्टिमीटरने प्रत्येक बसच्या दोन तारांमध्ये सातत्य तपासा. बीप वाजता कामा नये. मग रुळांची बस चालू करून लेआउटच्या दूरच्या टोकाला दोन रुळांवर धातूचे नाणे आडवे टाका. ब्रेकर लगेच तुटला पाहिजे. तुटला नाही तर तार बारीक आहे किंवा जोडणी सैल आहे, आणि खऱ्या शॉर्टमध्ये तीच जागा तापेल. नाणे तसेच ठेवून एक सांधा हलवा. हलला, तर दोन बस खरोखर वेगळ्या आहेत.

इंजिन दोन्ही वाटांवर फ्रॉगपाशी शॉर्ट करत असेल तर २ आणि ३ च्या तारा उलट झाल्या आहेत. एकाच वाटेवर करत असेल तर तारा बरोबर आहेत. त्या वाटेचा इन्सुलेटेड जोड राहून गेला असेल किंवा दांडा पूर्ण सरकत नसेल.

डिकोडरचा दिवा पेटतो पण काहीच हलत नाही, असे असेल तर आधी शेजारचे चार क्रमांक आजमावा. सगळ्यात शेवटचा डिकोडर कधी ऐकतो कधी नाही, आणि बस ९-१० मीटरहून लांब आहे, तर तारेच्या प्रत्येक जोडीला वेगळा, मीटरमागे दहाएक पीळ द्या. टोकाला १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडून दोन्ही तारांमध्ये लावा. कॉइलचा सांधा पहिल्यांदा जोरात आणि लगेच दुसऱ्यांदा अशक्तपणे हलत असेल तर दोष नाही. कपॅसिटर भरायला वेळ द्या, मार्गात दोन सांध्यांमध्ये अर्धा-एक सेकंदाचे अंतर ठेवा.

सगळे सुरळीत वाटले की धातूच्या फ्रॉगचा एक सांधा मुद्दाम विरुद्ध लावा आणि फ्रॉगच्या बाजूने इंजिन हळू आत सोडा. चाके फ्रॉगवर चढताच इंजिन थांबेल, ब्रेकरचा दिवा पेटेल. हात मागे ठेवा आणि कंट्रोलरवरून सांधा बदला. टॉर्टॉइज दोन-तीन सेकंद घेईल, फ्रॉगची वीज पलटेल, आपोआप चालू होणारा ब्रेकर पुन्हा जोडला जाईल आणि इंजिन स्वतःहून पुढे निघेल.